धुवारी, धुकं आणि डिहेझ

फोटोवर पहिली कमेंट आली, 'कुर्ग?' दुसरी आली, 'भावा, महाबळेश्वरला गेलास आणि सांगितलंही नाहीस.' तिसऱ्या मित्राने तर थेट अमेरिकेतलं ओरेगॉन गाठलं. मी तिघांनाही हसरी इमोजी टाकली आणि खरं ठिकाण सांगणं दोन तास लांबवलं. फोटो काढला होता वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, आमच्याच वावराच्या धुऱ्यावर उभं राहून. हे मालेगाव नाशिकचं नव्हे, मालेगाव जहांगीर. आमचा जिल्हा बाहेरच्या माणसाला सांगायचा तर सुरुवात नेहमी अशीच करावी लागते : हे नव्हे, ते.

त्या संध्याकाळी फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडून उजवीकडे सरकवला, परत मागे आणला.

"हे कोन्तं जंगल हाय?"

"आपल्या मागचंच, बाबा. काटेपूर्णाचं."

"आपलं? मंग तूर कुठी गेली?"

तूर मी कापली होती. विळ्याने नव्हे, क्रॉप टूलने. तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. पण तो प्रश्न माझ्यासोबत पुण्याला आला, आणि ऑफिसच्या बसमध्ये फोन उघडला की दर वेळी तोच फोटो समोर यायला लागला. हा लेख म्हणजे त्या एका फोटोची समीक्षा आहे. फोटो माझा असला तरी तसा तो एकट्याचा नाही. तुमच्या फोनमध्येही त्याचे भाऊबंद सापडतील : निळसर-हिरवं जंगल, खालून वर विरत जाणारं धुकं, काळपट झाडांचे शेंडे, जमल्यास पाठमोरा एक माणूस आणि त्याच्या अंगावर पिवळं जॅकेट. ठिकाण कुठलंही असो, फोटो एकच.

सकाळी काय होतं

काटेपूर्णा नदी वाशिम जिल्ह्यात उगम पावते, उत्तरेला अकोल्याकडे जाते आणि महानच्या धरणात अडते. या धरणाच्या आसपासचं जंगल १९८८ साली अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर, दोन जिल्ह्यांत विभागलेलं. जंगल पानझडी आहे, तेही कोरड्या जातीचं : साग, धावडा, सालई, तेंदू, पळस, मोह. डिसेंबरच्या मध्यावर सागाची पानं अजून झाडावर असतात, पण कडेने तांबूस झालेली, मधे भोकं पडलेली. हिरवंगार असं त्यात काही नसतं. गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. आणि जंगलाच्या अलीकडे, अगदी खेटून, आमची तूर. पिवळ्या फुलोऱ्यात.

दोन दिवस आधी अवकाळीचा शिडकावा झाला होता. मग आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला. अशा रात्री जमीन आपली उष्णता भराभर वर फेकते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यातल्या ओलाव्याचे थेंब होतात. आजूबाजूला हरभऱ्याला, गव्हाला रात्रीच्या लाइटीवर पाणी सुरू असेल तर ओल आणखी वाढते. सकाळी सातला मी धुऱ्यावर आलो तेव्हा खांबावरच्या तारा मधेच हवेत संपल्या होत्या.

आधी फोन काढला. फोनमध्ये धुकं डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा कमी आलं. यात नवल काही नाही. आजचा फोन एक फोटो काढत नाही. तो एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींत मिसळतो, अंधाऱ्या जागा उजळतो, फिकट जागांचा कॉन्ट्रास्ट वाढवतो. फिकटपणा हा त्याच्या लेखी दोष आहे, आणि धुकं म्हणजे तर निव्वळ फिकटपणा. म्हणून ज्याच्यासाठी आपण पहाटे उठलो तेच तो न विचारता थोडं पुसून देतो. 'नो फिल्टर' असं ज्या फोटोखाली लिहिलेलं असतं, त्या फोटोवरही कंपनीतल्या कुणा इंजिनिअरने आधीच एक हात फिरवलेला असतो. मी त्याच जातीचा माणूस आहे म्हणून सांगतो.

मग सेकंडहँड घेतलेला कॅमेरा काढला. कॅमेऱ्याचीही एक खोड आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार असं धरून तो उजेड मोजतो. पांढरं धुकं दिसलं की 'फारच उजेड आहे बुवा' असं समजून फोटो काळवंडवतो. त्यामुळे धुक्यात एक्स्पोजर एक स्टॉप वर ढकलावं लागतं. मी ते केलं आणि फोटो रॉ फाइलमध्ये घेतला. धुक्यासाठी रॉ का, तर धुक्याचं सगळं सौंदर्य राखाडीच्या थोड्याशा छटांमध्ये दाटीवाटीने बसलेलं असतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेगमधलं धुकं एडिटिंगमध्ये ताणलं की पायऱ्या दिसायला लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत आकाशाला पडलेले पट्टे तुम्ही पाहिले असतील, ते हेच.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. बिघडलं ते खोलीत, लॅपटॉपसमोर.

मी काय काय केलं

पहिलं, क्रॉप. खालचा एक तृतीयांश भाग उडवला. त्याबरोबर तूर, धुरा आणि ठिबकची काळी नळी गेली.

दुसरं, व्हाइट बॅलन्स निळ्याकडे. सकाळ थंड होती, हे 'थंड' फोटोत दिसायला हवं म्हणून.

तिसरं, रंगांच्या पट्टीतला पिवळा उचलून हिरव्या-निळ्याकडे सरकवला. एका झटक्यात सागाचा तांबूसपणा आणि गवताचा वाळलेपणा दोन्ही गेले. जंगल तीन महिने मागे, पावसाळ्यात जाऊन उभं राहिलं.

चौथं, डिहेझचा स्लायडर डावीकडे. उजवीकडे नेला की धुकं कमी होतं, डावीकडे नेला की वाढतं. मी वाढवलं.

पाचवं, फोटोतला सगळ्यात गडद काळा थोडा राखाडी केला, म्हणजे जुन्या छापील फोटोसारखी मऊ झाक येते.

सहावं, खांबाचा वरचा अर्धा भाग अजून दिसत होता, तो पुसायला एआयचं टूल वापरलं. टूलने खांब पुसला आणि रिकामी जागा स्वतःच्या मनाने भरली. तिथे एक निमुळतं, टोकदार, खाली झुकलेल्या फांद्यांचं झाड आलं. वाशिम जिल्ह्यात देवदार उगवला.

तो मी काढला नाही. खरं सांगतो, तेव्हा तो मला खटकलाही नाही. बाकीच्या फोटोत तो शोभत होता. आता वाटतं, त्या फोटोबद्दलचं सगळ्यात प्रामाणिक मत त्या टूलचंच होतं. माझे पाच बदल बघून त्याने ओळखलं की हे चित्र कुठलं असायला हवं, आणि तिथलं झाड आणून लावलं. मित्राने ओरेगॉन म्हटलं ते उगीच नाही.

हा फोटो आला कुठून

पाठमोरा माणूस आणि पुढ्यात धुकं, या चित्राचा पणजोबा सगळ्यांना माहीत आहे. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश याने १८१८च्या सुमारास काढलेलं 'वाँडरर अबव्ह द सी ऑफ फॉग'. खडकावर उभा असलेला एक माणूस, आपल्याकडे पाठ केलेला, खाली धुक्याचा समुद्र. दोनशे वर्षांत त्याचा कोट जाऊन विंडचीटर आला, एवढाच फरक. त्या चित्रात धुकं माणसाच्या पायाखाली आहे. तो वर चढून आलाय, तो कोरडा आहे, त्याला खाली काय दडलंय याची काळजी नाही. धुकं त्याच्यासाठी दृश्य आहे.

दुसरी परंपरा पूर्वेची. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये हासेगावा तोहाकू याने पाइनची झाडं काढलेले दोन पडदे टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यात धुकं काढलेलंच नाही. काळ्या शाईने काही झाडं काढलीत आणि बाकी कागद सोडून दिलाय. सोडलेला कागद म्हणजे धुकं. आपल्याकडे शाळेत जलरंग शिकवणाऱ्या सरांनी 'पांढरा रंग लावू नका, कागद राखा' असं सांगितलं असेल, तर ही गोष्ट तुम्हाला हातानेच माहीत आहे. इथे धुकं जिंकायचं नसतं. ते राखायचं असतं.

इन्स्टाग्रामवरचा धुक्याचा फोटो या दोघांची सरमिसळ आहे : माणूस फ्रीडरिशचा, झाडं तोहाकूची, रंग अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कुणा फोटोग्राफरच्या प्रीसेटचा. मराठीत तो आला तो सह्याद्रीमार्गे. माळशेज, हरिश्चंद्रगड, आंबोली इथे पावसाळ्यात जे खाली उतरतं तो ढग असतो, आणि तिथली हिरवाई खरीच असते. त्या फोटोंना तो रंग शोभतो. पण मराठी निसर्ग म्हणजे सह्याद्री आणि कोकण असं एकदा ठरलं, की उरलेल्या महाराष्ट्राला फक्त उपमेचं काम उरतं. मग 'मिनी महाबळेश्वर', 'विदर्भाचं काश्मीर' अशा पाट्या लागतात. उपमा देणाऱ्याचा हेतू कौतुकाचा असतो. परिणाम मात्र असा होतो की त्या जागेचं स्वतःचं जे काही आहे, ते दोष वाटायला लागतं. सागाचा तांबूस रंग हा माझ्या फोटोत दोष होता. तो मी 'दुरुस्त' केला.

आमच्या भागाला स्वतःचं चित्र कधी नव्हतंच असंही नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची कितीतरी लेणी घडली. सोळा क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिलं, तसा शिलालेख तिथे आहे. सतरा क्रमांकाच्या लेण्यात छद्दंत जातकाचं चित्र आहे : हत्तींचा कळप, कमळांचं तळं, झाडी. अजिंठ्याच्या चित्रांत झाड म्हणजे नुसता हिरवा ठिपका नसतो. आंबा आंब्यासारखा असतो, केळ केळीसारखी. दूरचं दाखवायला ते धुक्याची मदत घेत नाहीत. जवळचं खाली, दूरचं वर, अशी रचना करतात आणि पानापानाचा हिशेब ठेवतात. आता दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवरून आज प्रीसेट बनवा असं मी म्हणत नाही. पण वाशिमच्या राजांच्या काळातल्या चित्रात झाड ओळखू येतं आणि वाशिमच्या पोराच्या फोटोत येत नाही, ही गोष्ट मला लागली.

पडणं

मराठीत धुकं 'पडतं'. ऊन पडतं, थंडी पडते, दव पडतं. कीडही पडते आणि दुष्काळही पडतो. फ्रीडरिशच्या माणसाच्या पायाखाली असलेलं धुकं आमच्या भाषेत आमच्या डोक्यावर पडतं.

आमच्याकडे त्याला धुवारी म्हणतात, कुणी धुई म्हणतं. हा शब्द कवितेत क्वचितच दिसेल, पण डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्ह्याच्या पानावर हमखास दिसेल : तुरीवर धुवारीचं संकट. तूर फुलोऱ्यात असताना दोन-चार दिवस सलग धुवारी पडली की फुलं गळतात. जी टिकतात त्यांच्या शेंगा नीट भरत नाहीत. ढगाळ, दमट हवेत अळी वाढते ती वेगळीच. सोयाबीनच्या पैशातून पेरणीची उधारी फिटते. घरात जे काही उरतं ते तुरीतून. म्हणजे मी ज्या सकाळी 'काय भारी लाइट आहे' म्हणत कॅमेरा घेऊन धावलो, त्या सकाळी बाबा धुऱ्यावर उभे राहून गळालेली फुलं मोजत होते. आम्ही दोघं एकाच जागी, एकाच वेळी, एकाच गोष्टीकडे बघत होतो.

इथे एक सोपा निष्कर्ष तयार पडलेला आहे : सौंदर्य बघणारा शहरी मुलगा वाईट, कष्ट बघणारा शेतकरी बाप खरा. तो मला मान्य नाही. कारण बाबांनाच मी लहानपणी धुक्यात तोंडातून वाफ काढून 'बिडी पितो' असा खेळ खेळताना पाहिलंय. आणि धुवारीतली तूर सुंदर दिसत होती, हेही खोटं नाही : प्रत्येक फुलावर थेंब, कोळ्यांची जाळी पांढरी झालेली. नुकसान करणारी गोष्ट सुंदर दिसू शकते. माझी चूक सुंदर फोटो काढला ही नव्हती. ते सुंदर दिसावं म्हणून मी त्यातली आमची जागा काढून टाकली, ही होती.

स्लायडर उजवीकडे

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमचा प्रोजेक्ट होता फोटोतलं धुकं काढण्याचा. चौघांचा ग्रुप, एकाने कोड लिहिला, दोघांनी रिपोर्ट, एकाने झेरॉक्स. कोड लिहिणारा मी होतो. त्यामागचा मूळ शोधनिबंध २००९चा, काइमिंग हे, जियान सुन आणि शियाओऊ तांग या तिघांचा. यातल्या काइमिंग हे यांचं नाव पुढे रेसनेटमुळे डीप लर्निंगच्या प्रत्येक कोर्समध्ये आलं.

कल्पना साधी आहे. धुक्यातून आपल्यापर्यंत दोन गोष्टी पोहोचतात : झाडाचा स्वतःचा प्रकाश, वाटेत झिजून झिजून, आणि धुक्यानेच आपल्याकडे उधळलेला पांढरा प्रकाश. झाड जितकं दूर, तितका पहिला वाटा कमी, दुसरा जास्त. धुकं नसलेल्या फोटोचा कुठलाही लहानसा तुकडा घेतला, तर त्यात लाल, हिरव्या किंवा निळ्यापैकी एखादा रंग बहुधा शून्याजवळ गेलेला असतो : सावलीमुळे, गडद पानामुळे किंवा भडक रंगामुळे. तसा गेलेला नसेल, तर जितका उजेड जास्त भरलाय तितकं धुकं, असा अंदाज बांधायचा आणि ते वजा करायचं. याला ते 'डार्क चॅनल' म्हणतात. लाइटरूममध्ये २०१५ साली डिहेझचा स्लायडर आला तेव्हा हे काम सगळ्यांच्या बोटाखाली आलं.

त्या निबंधातली एक बारीक गोष्ट तेव्हा मी कॉपी केली आणि विसरून गेलो. लेखकांनी धुकं पूर्ण काढायचं नाही असं ठरवलंय. सूत्रात ०.९५ असा एक गुणक घातलाय, म्हणजे दूरच्या वस्तूंवर थोडं धुकं जाणून राखायचं. कारण सगळं काढलं तर चित्र खोटं वाटतं, लांबचं-जवळचं कळेनासं होतं. धुकं काढायचं यंत्र बनवणाऱ्यांनीही थोडं धुकं ठेवलं.

आणि दुसरी गोष्ट. धुकं फार दाट असेल तर झाडाचा जो प्रकाश पोहोचतो तो जवळपास शून्य असतो. त्याला वाढवायला गेलं की त्याबरोबर कॅमेऱ्याचा नॉइज वाढतो. एका मर्यादेपलीकडे यंत्र दाखवत नाही, कल्पना करतं. जुनं सूत्र निदान प्रामाणिक होतं. तिथे ते दाणेदार कचरा दाखवायचं. आताचं एआय तिथे देवदार लावतं.

बाबांच्या प्रश्नानंतर दोन आठवड्यांनी एका रविवारी मी मूळ रॉ फाइल परत उघडली. क्रॉप काढून टाकला. सगळे बदल शून्यावर आणले. आणि नुसतं बघायचं म्हणून डिहेझ उजवीकडे नेत गेलो.

आधी खांब आला, मग तारा. तुरीच्या ओळी एकामागून एक उमटल्या. सागाचे बुंधे वेगळे झाले. आणि डावीकडे, शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर, एक वाकलेला माणूस आला. मी फोटो काढला तेव्हा तो मला दिसला नव्हता. त्याच्यापुढे एक ढीग होता आणि ढिगातून धूर निघत होता.

शेजारचे काका होते. धुवारी पडली की आमच्याकडे पहाटे धुऱ्यावर ओला पालापाचोळा, काडीकचरा पेटवून धूर करतात. धुराने हवा थोडी गरम राहते, दव फुलावर बसत नाही, असं म्हणतात. त्याने किती फरक पडतो हे काकाही छातीठोक सांगणार नाहीत. पण फुलं गळताना बघत बसण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं.

मग स्लायडर परत शून्यावर आणला आणि तो धूर धुक्यात शोधायला लागलो. तो होता. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने खूप मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच उधळतात, म्हणून धुकं पांढरं दिसतं. धुराचे कण फार बारीक, ते निळा जास्त उधळतात, म्हणून मागे गडद झाडी असली की धूर निळसर दिसतो. मूळ फाइलमध्ये सागाच्या काळोखापुढे तसा एक निळा पट्टा आडवा पसरलेला होता, पांढऱ्या धुक्यापासून स्पष्ट वेगळा. पहिल्या एडिटमध्ये मी सगळा फोटोच निळा केला होता. त्यात तो पट्टा बुडाला. फोटोत जी एकच गोष्ट खरोखर निळी होती, ती मी निळ्या रंगाने झाकली होती.

मग एडिट करायचंच नाही का?

करायचं. एडिट न केलेला फोटो नसतोच, हे वर सांगितलं. आन्सेल अ‍ॅडम्सचा १९४१चा 'मूनराइज, हर्नान्डेझ' हा जगातल्या सर्वांत गाजलेल्या निसर्गफोटोंपैकी एक. त्याच्या पुढच्या काळातल्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं आहे. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ते तसं नव्हतं. तो काळेपणा अ‍ॅडम्सने डार्करूममध्ये आणला. तो आधी पियानो शिकलेला माणूस होता आणि निगेटिव्हला स्वरलिपी व प्रिंटला वादन मानायचा. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळेल : बंदिश तीच, पण गाणं रोज वेगळं. फ्रीडरिशचा तो धुक्याचा समुद्रही एका जागी उभं राहून काढलेला नाही; वेगवेगळ्या डोंगरांची रेखाटनं स्टुडिओत जोडून त्याने तो उभा केला. त्यासाठी त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'सारख्या स्पर्धा रॉ फाइल मागतात. उजेड-अंधार थोडा वरखाली केलेला चालतो. काही घातलेलं किंवा काढलेलं चालत नाही. स्पर्धेला असा नियम लागतोच. पण माझ्या फोटोचा गुन्हा या नियमात पुरता पकडला जात नाही. देवदार सोडला, तर मी काहीच 'घातलं' नव्हतं. नुसती चौकट कापली आणि रंग फिरवले. तरी फोटो वाशिमचा राहिला नाही.

म्हणून माझ्यापुरती मी एक वेगळी कसोटी धरली आहे. एडिट झाल्यावर फोटो त्या जागी राहणाऱ्या माणसाला दाखवायचा. त्याला जागा ओळखू आली पाहिजे, आणि शक्य झालं तर ऋतूही. फोटो त्याला आवडलाच पाहिजे अशी अट नाही. बंदिश बदलून गा, पण राग ऐकणाऱ्याला ओळखू येऊ दे. ही कसोटी लावली तर सह्याद्रीतले कितीतरी भरपूर रंगवलेले फोटोही पास होतील, आणि 'नो फिल्टर' लिहिलेले काही नापास होतील.

दुसरं एडिट करायला चार तास लागले. पहिल्याला वीस मिनिटं लागली होती. क्रॉप नाही. व्हाइट बॅलन्स मुळात होता तोच, म्हणजे धुकं पांढरं राहिलं आणि धूर निळा. पिवळ्याला हात लावला नाही. तांबूस किंचित वर घेतला, कारण कॅमेऱ्यात सागाची पानं डोळ्यांना दिसली त्यापेक्षा मेलेली आली होती. हाही बदलच आहे. डिहेझ उजवीकडे, पण जेमतेम : काकांची आकृती कळावी, चेहरा कळू नये, एवढंच. खांब ठेवला. तो फोटोच्या बरोबर मधे येतो आणि रचना बिघडवतो, पण खांब तिथेच आहे, त्याला मी काय करू.

फोटो पहिल्याइतका देखणा नाही. हे मी नम्रतेने म्हणत नाहीये. दोन्ही शेजारी ठेवले तर अंगठा पहिल्यावरच थांबतो, माझाही. पहिला डोळ्याला एका क्षणात सगळं देऊन टाकतो. दुसऱ्यात आधी खांब दिसतो, मग तूर, आणि बराच वेळ पाहिलं तर धूर.

बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. कॉम्प्रेस होऊन धुक्याला पट्टे पडले असणार. संध्याकाळी फोन आला.

"त्या दिवशीचा हाय ना हा? तिसऱ्या दिवशीचा."

"तिसरा दिवस कसं कळलं?"

"खाली पाय ना. फुलं किती पडेल हायेत."

मी लॅपटॉपवर फोटो शंभर टक्के मोठा करून खालचा कोपरा बघितला. ओल्या काळ्या मातीवर पिवळे ठिपके होते. चार तास त्याच फोटोसमोर बसूनही मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. ते पहिल्या एडिटमध्ये कापलेल्या भागात होते.

इन्स्टाग्रामवर हा फोटो 'धुवारी, मालेगाव, जि. वाशिम' एवढंच लिहून टाकला. लाइक पहिल्याच्या चौथाईही आले नाहीत. कुर्ग का, असं कुणी विचारलं नाही. एक कमेंट आली, रिसोडकडच्या कुणा अनोळखी पोराची : 'आमच्याकडं पन पडली होती चार दिवस. तुमची तूर किती झाली एकरी?'

त्याला अजून उत्तर दिलं नाही. बाबांना विचारायचंय.